दाभाडे घराणे

मराठेशाहीतील एक इतिहासप्रसिद्ध सेनापती घराणे. ह्या घराण्याचे मूळ वतन पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात असलेल्या तळेगाव येथील पाटिलकीचे. पुढे घराण्याच्या नावावरून हे गाव तळेगाव दाभाडे म्हणून ओळखले जाऊ लागले. १७१७ ते १७५१ ह्या काळात मराठी राज्याचे सेनापतिपद ह्या घराण्यात होते आणि गुजरातेत मराठ्यांच्या सत्तेचा पाया प्रामुख्याने ह्याच घराण्याने घातला. पाटिलकीपासून सेनापतिपदापर्यंतचा ह्या घराण्याचा उत्कर्ष जितका जलद, तितकाच त्याचा ऱ्हासही जलद झाला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्याची सत्ता छत्रपती व त्याचे प्रधानमंडळ ह्यांच्याकडून पेशव्याकडे कशी गेली, हे समजण्यास ह्या घराण्याचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : दाभाड्यांचा मूळ प्रदेश इंद्रायणीच्या खोऱ्यातील आहे. देहूच्या पश्चिमेस तळेगाव असून तळेगाव व देहू ह्यांच्या दरम्यान, भंडारा डोंगराच्या परिसरात, नदीकाठी इंदोरी हे गाव आहे. इंदोरीची गढी खंडेराव दाभाड्याने १७२० च्या सुमारास बांधली. तळेगावच्या नैर्ऋत्येस लोहगड हा किल्ला असून कोकणातून बोरघाटाने देशावर येणारी वाट ह्याच भागातून जाते. ईशान्येस खेड (राजगुरुनगर) तालुक्यात गायकवाडांचे दावडी हे गाव आहे. तुकोबांच्या देहूमुळे व ज्ञानेश्वरांच्या आळंदीमुळे वारकरी संप्रदायाचे केंद्र ठरलेल्या ह्या खोऱ्यातूनच, अवघ्या काही कोसांच्या अंतरावरून, दाभाडे व गायकवाड ही गुजरातच्या इतिहासास वळण देणारी दोन घराणी उदयास आली.

पूर्वपीठिका : ह्या घराण्यातील येसाजी दाभाडे हा छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेत होता. संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, त्या वेळी येसाजी व त्याचे पुत्र खंडेराव आणि शिवाजी ह्यांनी त्यांची साथ केली. ह्या प्रवासात खंडेरावाने राजारामास पाठीवर घेऊन नदी पार केली, अशी आख्यायिका घराण्यात प्रचलित आहे. आख्यायिकेतील तपशील कसाही असला, तरी ह्या आणीबाणीच्या प्रसंगी केलेली सेवा हेच घराण्याच्या उत्कर्षाचे मूळ कारण होय. जिंजीच्या काळात राज्याजवळ खजिना नव्हता. त्यामुळे सरदारांना रोख वेतनाऐवजी मुलूख तोडून देण्याची पद्धत रूढ झाली. ज्याने मोगलांचा जो प्रदेश जिंकावा, त्याच्या उत्पन्नावर त्याने फौज बाळगावी, असे हे धोरण होते. गावाची पाटिलकी सांभाळणारे व पागा बाळगण्याची धमक असलेले अनेक मराठे ह्या संधीमुळे सरदार झाले. दाभाडे त्यांपैकीच होत.

खंडेराव दाभाडे (?–२७ सप्टेंबर १७२९) : घराण्याचा खरा संस्थापक. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून त्याचे कार्यक्षेत्र बागलाण, खानदेश व गुजरात हे होते. सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते आणि तेथून बऱ्हाणपूरमार्गे उत्तरेकडे व दक्षिणेकडे माल जात असे. खंडेरावाने ह्या मार्गावर ठिकठिकाणी ठाणी बसवून जाणाऱ्या-येणाऱ्या तांड्यांकडून मालाच्या किमतीचा चौथा हिस्सा वसूल करण्यास प्रारंभ केला. हा नुसता लुटीचा प्रकार नव्हता. ठराविक हिस्सा देणाऱ्या व्यापाऱ्यास वाट मोकळी मिळे, न देणाऱ्याचा माल लुटला जाई. चौथाईच्या हक्कास प्रत्यक्ष व्यवहारात असे रूप देणाऱ्या प्रारंभीच्या सरदारांत खंडेरावाची गणना करावी लागते.

मोगलांच्या दृष्टीने ही गोष्ट असह्य होती. दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेन अली ह्याने खंडेरावाच्या पारिपत्यासाठी झुल्फिकार बेग ह्यास फौज देऊन पाठविले. खंडेरावाने प्रथम माघार घेण्याचा देखावा करून शत्रूस डोंगराळ व झाडीच्या प्रदेशात ओढले आणि तेथे त्यास घेरून त्याच्यासह बहुतेक सर्व फौजेचा नाश केला. त्यानंतर पाठविलेल्या दुसऱ्या मोठ्या फौजेचाही त्याच्यापुढे टिकाव लागला नाही. अहमदनगरजवळ झालेली लढाई अनिर्णित राहिली, पण खंडेरावाची ठाणी उठली नाहीत. धनाजी जाधवाच्या मृत्यूनंतर (१७०८) सेनापतिपदाची घडी विस्कटली होती. त्याचा पुत्र चंद्रसेन शाहूचा पक्ष सोडून गेला होता आणि नंतर नेमलेला मानाजी मोरे ह्याच्याकडून अपेक्षित कामगिरी झाली नव्हती. ह्या परिस्थितीत शाहूने ११ जानेवारी १७१७ रोजी खंडेरावास सेनापतिपदाची वस्त्रे दिली.

पेशवा बाळाजी विश्वनाथ ह्याच्याबरोबर १७१८–१९ मध्ये दिल्लीस गेलेल्या मराठी फौजेत खंडेराव होता. ह्या मोहिमेत बादशाहाकडून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी ह्यांच्या सनदा मिळाल्या. मात्र चौथाईची सनद दक्षिणेच्या सहा सुभ्यांपुरतीच होती. गुजरात व माळवा ह्या सुभ्यांचा तीत समावेश नव्हता. त्यामुळे गुजरातेतील मराठ्यांचा हक्क कोणत्याही बादशाही फर्मानावर नव्हे, तर दाभाड्यांच्या ठाण्यांवर व घोडदळावर उभा होता. पुढील कलहाचे बीज ह्या वस्तुस्थितीत आहे. ज्या प्रदेशास सनद नव्हती, त्याचे उत्पन्न जिंकणाऱ्या सेनापतीचे की राज्याच्या मुख्य प्रधानाचे, हा प्रश्न तेव्हा कोणी उपस्थित केला नव्हता, पण तो सुटलेलाही नव्हता.

निजामुल्मुल्क व आलम अली ह्यांच्यात १७२० मध्ये बाळापूर येथे झालेल्या लढाईत खंडेरावाची फौज आलम अलीच्या साहाय्यास गेली होती. लढाईत आलम अली मारला गेला, परंतु खंडेरावाच्या हाताखालील दमाजी गायकवाड ह्याने विशेष पराक्रम केला. खंडेरावाच्या शिफारशीवरून शाहूने दमाजीस समशेर बहादुर हा किताब व सेनापतीच्या मुतालिकाचे पद दिले. त्यानंतर लवकरच दमाजी मरण पावला व त्याच्या जागी त्याचा पुतण्या पिलाजी आला. पिलाजीने सोनगड येथे आपले ठाणे केले. सुरतेपासून महीपर्यंतच्या मुलखात दाभाड्यांचा अंमल बसविण्याचे प्रत्यक्ष काम पिलाजी गायकवाड व कंठाजी कदम बांडे ह्यांनी केले. १७२५ च्या सुमारास महीच्या पश्चिमेकडील चौथाई बांडे ह्याने व पूर्वेकडील पिलाजीने घ्यावी, अशी व्यवस्था झाली.

उत्तरायुष्यात खंडेराव आजारी होता आणि त्याचे वास्तव्य मुख्यतः तळेगावास असे. तो दरवर्षी तळेगाव येथे दूरदूरच्या विद्वान ब्राह्मणांस जमवून त्यांस भोजन व दक्षिणा देत असे. तळेगाव येथेच त्याचे निधन झाले. गावातील बनेश्वर मंदिराच्या परिसरात त्याची समाधी आहे.

परिवार : खंडेरावाची पत्नी उमाबाई ही नासिक जिल्ह्यातील अभोणे येथील ठोके देशमुख घराण्यातील होय. अभोणे हे बागलाणच्या परिसरात, गुजरातकडे जाणाऱ्या मार्गांच्या टापूत आहे. मावळातील पाटील घराण्याने ह्या भागातील देशमुखांशी केलेला हा संबंध दाभाड्यांचे लक्ष कोणत्या दिशेस वळले होते, ह्याचा द्योतक आहे. ह्या दांपत्यास त्रिंबकराव, यशवंतराव व बाबूराव हे तीन पुत्र आणि तीन कन्या होत्या. सप्तशृंगी गडावर भाविकांसाठी पायऱ्या बांधविण्याचे श्रेय उमाबाईस दिले जाते.

त्रिंबकराव दाभाडे (?–१ एप्रिल १७३१) : खंडेरावाचा ज्येष्ठ पुत्र. पित्याच्या मृत्यूनंतर ८ जानेवारी १७३० रोजी त्यास सेनापतिपद मिळाले. ह्याच सुमारास पेशवा पहिला बाजीराव ह्याने गुजरातकडे लक्ष वळविले होते. बाजीरावाचा बंधू चिमाजी आप्पा गुजरातेत उतरला व १७३० मध्ये तेथील मोगल सुभेदार सरबुलंदखान ह्याने पेशव्याशी करार करून सुरत वगळता सुभ्याची चौथाई व सरदेशमुखी मान्य केली. सुभ्यातील बंडखोर जमीनदारांना कोणत्याही मराठी सरदाराने साहाय्य करू नये, अशी अट ह्या करारात होती. तिचा रोख उघडपणे पिलाजी गायकवाडाकडे होता. दाभाड्यांनी वीस-पंचवीस वर्षे खपून जो हक्क कमावला, तो त्यांना वगळून पेशव्याच्या नावे झाला, अशी त्रिंबकरावाची भावना झाली. सरबुलंदखानाच्या जागी आलेल्या मारवाडच्या अभयसिंगानेही १७३१ च्या प्रारंभी अहमदाबादेस बाजीरावाची भेट घेऊन पेशव्याशीच बोलणे केले.

त्रिंबकरावाने पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे, उदाजी पवार इत्यादींना आपल्या पक्षास मिळवून सु. ३५,००० फौज जमा केली. आपण छत्रपतींचा अधिकार प्रधानाच्या हातून सोडविण्यासाठी निघालो आहोत, असे त्याच्या पक्षाने जाहीर केले. ह्याच वेळी त्याने निजामाशी संधान बांधले. ही त्याची मोठी चूक ठरली. पालखेडच्या पराभवानंतर (१७२८) निजाम बाजीरावाविरुद्ध साधन शोधीतच होता. त्याच्याशी हातमिळवणी केल्यामुळे त्रिंबकरावाच्या न्याय्य तक्रारीस राजद्रोहाचा रंग आला आणि बाजीरावास आपली मोहीम राज्यरक्षणासाठी असल्याचे सांगता आले.

दोन्ही फौजांची गाठ १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ भिलापूरच्या परिसरात पडली. बाजीरावाचे सैन्य संख्येने कमी, परंतु अनुभवी व एकसूत्री होते. त्रिंबकरावाच्या बाजूस जमलेली फौज अनेक सरदारांची होती आणि पहिल्या धडकेतच तिचा बराच भाग पळू लागला. माघारीचा विचारही नको म्हणून त्रिंबकरावाने आपल्या हत्तीच्या पायांत साखळदंड घालविले होते. तो हत्तीवरून अखेरपर्यंत बाणांचा वर्षाव करीत राहिला. बंदुकीची गोळी लागून तो ठार झाला आणि लढाई संपली. पिलाजीचा एक पुत्रही ह्या लढाईत पडला व उदाजी पवार कैद झाला. मराठ्यांच्या दोन प्रमुख अधिकाऱ्यांमध्ये उघड्या मैदानावर झालेली ही लढाई एकाच दिवसात संपली, परंतु पेशव्याच्या सत्तेस आव्हान देऊ शकणारे दुसरे पद तिने नाहीसे केले.

तडजोड : विजय मिळाला, तरी बाजीरावाने गुजरात दाभाड्यांकडून हिरावून घेतली नाही. शाहूच्या मध्यस्थीने त्रिंबकरावाचा अल्पवयीन बंधू यशवंतराव ह्यास सेनापतिपद देण्यात आले, उमाबाई त्याची पालक झाली व पिलाजी गायकवाड मुतालिक म्हणून कायम राहिला. गुजरातेत दाभाड्यांनी व माळव्यात पेशव्याने कारभार करावा, परस्परांच्या हद्दीत पाऊल टाकू नये, मात्र गुजरातच्या उत्पन्नाचा अर्धा भाग पेशव्यामार्फत सरकारात भरावा, असे ठरले. शाहूने उमाबाईचे सांत्वन करून दोन्ही पक्षांत समेट घडवून आणला. बाजीरावाने मान वाकवून उभे राहावे व उमाबाईने वाटल्यास तरवारीने सूड घ्यावा, असे शाहूने तिला सांगितले आणि तिने क्षमा केली, अशी कथा सांगतात. कथेच्या खरेखोटेपणापेक्षा तिच्यातील आशय महत्त्वाचा आहे. छत्रपतीजवळ न्याय देण्याचे सामर्थ्य उरले नव्हते, सांत्वन करणे एवढेच त्याच्या हाती होते.

ह्या प्रसंगाचा एक दूरगामी परिणाम विद्याक्षेत्रात झाला. तळेगावचा वार्षिक दक्षिणासमारंभ बाजीरावाने पुण्यास सुरू केला व पुढील पेशव्यांच्या काळात श्रावणमासातील दक्षिणा हे पुण्याचे एक मोठे वैशिष्ट्य बनले. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी ह्या निधीचा काही भाग १८२१ मध्ये पुण्याच्या संस्कृत पाठशाळेसाठी वापरला. पुढे ह्याच पाठशाळेतून डेक्कन कॉलेज विकसित झाले. दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा, असा अर्ज पुण्याच्या सुधारकांनी १८४९ मध्ये केला व त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथकारांना पारितोषिके मिळू लागली. सेनापतीच्या अंगणातील दानधर्माची परिणती अशा रीतीने आधुनिक मराठी वाङ्मयाच्या पोषणात झाली.

उमाबाई दाभाडे (?–२८ नोव्हेंबर १७५३) : त्रिंबकरावाच्या मृत्यूनंतर सु. वीस वर्षे घराण्याचा कारभार उमाबाईनेच पाहिला. १७३२ मध्ये अभयसिंगाने डाकोर येथे पिलाजी गायकवाडाचा विश्वासघाताने खून करविला व बडोदेही घेतले. तेव्हा उमाबाई स्वतः फौज घेऊन गुजरातेत उतरली. पिलाजीचा पुत्र दुसरा दमाजी आणि कंठाजी कदम हे तिच्याबरोबर होते. तिने अहमदाबादवर चाल केली व अभयसिंगास चौथाई-सरदेशमुखी मान्य करून रक्कम देणे भाग पाडले. मराठी परंपरेत अहमदाबादेजवळ जोरावरखान बाबी ह्याच्यावर तिने मिळविलेल्या विजयाचे वर्णन येते. फौजेसह मैदानात उतरून मोहीम चालविणाऱ्या मराठी स्त्रियांत उमाबाईस मानाचे स्थान आहे.

तथापि ह्या यशाचा लाभ दाभाड्यांपेक्षा गायकवाडांना अधिक झाला. १७३४ मध्ये पिलाजीचा भाऊ महादाजी ह्याने बडोदे परत घेतले आणि तेव्हापासून ते गायकवाडांकडेच राहिले. यशवंतराव वयात आला, परंतु व्यसनाधीनतेमुळे पदास साजेसे कर्तृत्व त्याच्याकडून घडले नाही. फौज दमाजीच्या हाताखाली, वसुली दमाजीच्या हातून आणि गुजरातेतील वास्तव्यही दमाजीचेच, अशी स्थिती झाल्यावर तळेगावच्या धन्याकडे केवळ नाव उरले. पेशव्याने छत्रपतीच्या बाबतीत जे केले, तेच मुतालिकाने सेनापतीच्या बाबतीत केले. उत्पन्नाचा अर्धा हिस्सा सरकारात भरण्याची अट मात्र कधीच नीट पाळली गेली नाही.

अखेरचा संघर्ष : शाहूच्या मृत्यूनंतर (१५ डिसेंबर १७४९) बाळाजी बाजीराव तथा नानासाहेब पेशवा ह्याने गुजरातच्या अर्ध्या उत्पन्नाची मागणी जोराने पुढे केली. त्याचा खजिना कर्जबाजारी होता. १७३१ चा करार दडपणाखाली झाला असल्याने तो बंधनकारक नाही, अशी उमाबाईची भूमिका होती. २२ नोव्हेंबर १७५० रोजी तिने आळंदी येथे पेशव्याची भेट घेतली. भेट निष्फळ ठरली. त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, ताराबाईने साताऱ्यास रामराजास कैद करून पेशव्याविरुद्ध उठाव केला आणि उमाबाईने तिची बाजू घेतली. दोघीही वृद्ध विधवा होत्या. राजघराण्याची व सेनापतिघराण्याची सत्ता पेशव्याकडे गेल्याचा सल दोघींनाही होता.

उमाबाईच्या सांगण्यावरून दमाजी १५,००० फौज घेऊन गुजरातेतून साताऱ्याच्या दिशेने आला. निंब येथे त्याने पेशव्याच्या फौजेचा पराभव केला, परंतु मार्च १७५१ मध्ये वेण्णेच्या काठी तो अडचणीत सापडला व बोलणी लावून राहिला. त्वरेने परतलेल्या नानासाहेबाने ३० एप्रिल १७५१ रोजी त्याच्या छावणीवर अचानक छापा घालून त्यास पकडले. मे महिन्यात तळेगावास असलेल्या दाभाडे मंडळींना अटक करण्यात आली व त्यांना लोहगडावर ठेवण्यात आले. यशवंतरावाचे सेनापतिपद व घराण्याचा सरंजाम काढून घेण्यात आला. ज्या किल्ल्याच्या छायेत घराण्याची पाटिलकी होती, त्याच किल्ल्यावर त्यांना बंदिवान व्हावे लागले.

दमाजीने १७५२ मध्ये पेशव्याशी स्वतंत्र करार करून सुटका करून घेतली. त्याने मागील बाकीपोटी १५ लाख रुपये, गुजरातचा अर्धा भाग, दरवर्षी ५,२५,००० रुपये व प्रसंगी फौजेची मदत देण्याचे मान्य केले. दाभाड्यांच्या निर्वाहासाठी ठराविक वार्षिक नेमणूकही त्यानेच द्यावयाची होती. म्हणजे ज्याला दाभाड्यांनी वर आणले, त्याच्याच नेमणुकीवर त्यांना अवलंबून राहावे लागले. सेनापतीशी असलेला दमाजीचा चाकरीचा संबंध संपला. उमाबाई २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुणे येथे मरण पावली. तिची समाधी तळेगावास बनेश्वर मंदिराजवळ आहे. यशवंतराव कर्नाटकाच्या मोहिमेवर जात असता १८ मे १७५४ रोजी मिरज येथे मृत्यू पावला. त्यानंतर घराण्यास पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही.

उत्तरकाल : पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईहून निघालेली इंग्रज फौज जानेवारी १७७९ मध्ये तळेगावपर्यंत आली, तेव्हा मराठ्यांनी पुढील वाटेवरील धान्य-वैरण आधीच नष्ट केलेली होती. माघार घेताना इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तलावात टाकल्या व लगेच वडगाव येथे त्यांना शरणागतीचा करार करावा लागला. ह्या घटनेच्या वेळी दाभाड्यांकडे सेनापतिपद नव्हते. तथापि तळेगावातील वतन व इनामे घराण्याकडे राहिली आणि ब्रिटिश अमदानीत दख्खनच्या सरदारांत त्यांची गणना होत असे. गायकवाडांनी मात्र बडोद्यास राज्य स्थापिले. ते १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तेथील राजांच्या बिरुदावलीत सेनाखासखेल व समशेर बहादुर ही दोन्ही पदे होती. त्यांपैकी समशेर बहादुर हा किताब त्यांच्या पूर्वजास खंडेराव दाभाड्याच्या शिफारशीने मिळालेला होता.

मूल्यमापन : दाभाड्यांच्या ऱ्हासाचे कारण केवळ पेशव्याची महत्त्वाकांक्षा किंवा केवळ यशवंतरावाची अकर्तबगारी असे सांगणे अपुरे होईल. वतन व सरंजाम ह्यांतील भेद येथे लक्षात घ्यावा लागतो. वतन हे वंशपरंपरेने चालणारे, गावाच्या जीवनाशी निगडित असलेले व सहसा न काढून घेता येणारे असे. सरंजाम हा चाकरीबद्दल दिलेला आणि पदाबरोबर जाणारा असे. जिंजीनंतरच्या काळात सरंजामही पित्याकडून पुत्राकडे जाऊ लागला व सरदार त्यास वतनच समजू लागले. दाभाड्यांनी गुजरात ही आपली मिरास मानली, पेशव्यांनी ती राज्याची जमा मानली. दोन्ही भूमिकांना त्या काळच्या व्यवहारात आधार होता आणि त्यांत निवाडा देण्याइतके सामर्थ्य छत्रपतीच्या गादीत उरले नव्हते. म्हणून निवाडा डभईच्या मैदानावर व नंतर लोहगडाच्या बंदिवासात झाला. तो पेशव्याच्या बाजूने लागला, तरी सरदारांना स्वतंत्र वृत्तीने वागविणारी मूळ व्यवस्था बदलली नाही. दाभाड्यांची जागा गायकवाडांनी घेतली आणि तोच प्रश्न पुढील पिढीपुढे नव्या नावाने उभा राहिला. दाभाड्यांचे सेनापतिपद गेले, गुजरातेतील उत्पन्न गेले. टिकून राहिली ती मूळची तळेगावची पाटिलकी आणि गावाच्या नावात मिसळलेले घराण्याचे नाव.